चौदावा भाग मी पाहिलेला आहे

सोमवार, ७ जानेवारी २०१९. सकाळी ७.१०
नवं वर्ष आजपासून. आधीचे सहा दिवस सुट्टीचे होते, ते मी धरत नाही.
संकल्प. रोज कालव्याच्या काठानं दोन मैल चालायचं. चहाबरोबर बिस्किटं दोनच. आणि क्लबातला पुस्तकांचा वाद या वर्षी कायमचा निकालात काढायचा. तिसरा संकल्प सगळ्यात सोपा, कारण त्यात माझीच बाजू बरोबर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
पाऊस होता. चाललो नाही. बिस्किटं चार, पण लहान होती.

बुधवार, ९ जानेवारी
ठरावाचा मसुदा करायला बसलो. डोकं स्वच्छ व्हावं म्हणून मुद्दे आधी इथे मांडतो.
आमचा क्लब जिच्या चाहत्यांचा आहे ती टीव्ही मालिका: 'फार लॅम्प'. १९७१ ते ७३. अवकाशातलं एक दीपगृह, त्यावर चार माणसं आणि चहा करणारं एक यंत्र, मिसेस बीड. एकूण भाग ३९. शिल्लक ३८. चौदाव्या भागाची टेप टीव्ही कंपनीनं पुसली आणि तिच्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. तेव्हापासून मी घोड्यांकडे बघत नाही.
मालिका चालू असताना आणि संपल्यावर तिच्यावर बावीस कादंबऱ्या निघाल्या. काहींमध्ये टीव्हीवरचीच गोष्ट, काहींमध्ये नवीन. प्रश्न असा: कादंबरीत जे घडतं ते 'खरोखर घडलं' असं धरायचं का? आमच्या लोकांत याला कॅनन म्हणतात. जे कॅनन ते प्रमाण, बाकीच्या गप्पा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी हिलरीला वाटतं कॅनन म्हणजे प्रिंटर. मध्यंतरी तिनं शेजारणीला सांगितलं, लायनेल दर महिन्याला पबात प्रिंटरवर भांडायला जातो.
माझं मत: पडद्यावर दिसलं ते घडलं. बाकी सगळा कागद. मी त्या बावीसपैकी एकही पुस्तक वाचलेलं नाही. वाचणारही नाही.

गुरुवार, १० जानेवारी
काल मुख्य मुद्दाच राहिला. हे बोलण्याचा अधिकार मला का आहे?
कारण चौदावा भाग मी पाहिलेला आहे. शुक्रवार, १८ फेब्रुवारी १९७२, संध्याकाळी सात. मी आठ वर्षांचा. सोफ्यावर मधे मी, डावीकडे बाबा, खाली गालिच्यावर बहीण बार्बरा. बाबा गालिच्याच्या गिरणीत मागावर होते, पण शुक्रवारी लवकर सुटत. प्रसंग मला आजही लख्ख दिसतो. दीपगृहाचा मोठा दिवा विझलाय, अंधारात सात जहाजं भरकटलीत. कॅप्टन ऑर्ला स्ट्रेक हातात साधा कंदील घेते, काचेशी उभी राहते आणि म्हणते: दिवा मी धरते. तुम्ही घरी या.
आमच्या क्लबच्या चहाच्या मगांवर हेच वाक्य आहे. टी-शर्टांवरही आहे. क्लबातला आमचा डग्लस वारला तेव्हा त्याच्या मुलीनं चर्चमध्ये हेच वाचलं आणि सगळं चर्च रडलं. मालिकेतली प्रत्येक गोष्ट नोंदवलेल्या क्लबच्या सूचीत या वाक्यापुढे लिहिलंय: प्रत्यक्षदर्शी, एल. ब्रॅटबी. आमच्या किडरमिन्स्टर गावात माझ्याइतकं नाव छापून आलेला दुसरा गालिचेवाला नसेल.

सोमवार, १४ जानेवारी
दुकानात कटकट. मिसेस टॉली यांच्या जिन्याचा गालिचा एक फूट कमी पडला. मॅनेजर म्हणाला, माप लिहून का नाही घेतलंस? त्याला सांगितलं, मी मापं लिहीत नाही, डोक्यात राहतात. बावीस वर्षं राहिली आहेत. जिनाच वाढला असणार. जुन्या घरांत लाकूड फुगतं.
चालणं: नाही. गुडघा.

शनिवार, १९ जानेवारी
'शटल अँड बॉबिन' पबच्या माडीवर मासिक बैठक. आम्ही सातही जण हजर.
परमिंदर सहोताशी चकमक. ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि फावल्या वेळात क्लबची सूची सांभाळते. अकरा हजार नोंदी, सगळ्या कॉम्प्युटरवर. हुशार आहे, पण पुरावा मागायची वाईट खोड. म्हणाली, लायनेल, रागावू नकोस, पण कंदिलाचा प्रसंग चौदाव्या भागाच्या पुस्तकातही आहे. तू लहानपणी ते पुस्तक वाचलं असशील आणि आता पाहिल्यासारखं वाटत असेल. माणसांचं होतं असं.
मी शांतपणे विचारलं, पुस्तकात ते वाक्य आहे का?
नाही, म्हणाली. पुस्तकात कॅप्टन काही न बोलता कंदील धरते.
मग मला वाक्य कुठून कळलं? पडद्यावर ऐकल्याशिवाय?
क्लिफर्डनं वेफर्स खाणंसुद्धा थांबवलं. क्लिफर्ड बैठकीत बाकी काही करत नाही, त्यामुळे हे मोठंच.
माझा विजय. बाहेर पडलो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. घरी जाताना चालायचं ठरवलं होतं पण बस लगेच आली.

शनिवार, २ फेब्रुवारी
वार्षिक सभा. ऐतिहासिक दिवस.
माझं भाषण चाळीस मिनिटं. सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या होत्या, म्हणजे चुकून कुणाचं लक्ष उडालं तरी मुद्दा हातात राहील. ठराव: जे पडद्यावर दिसलं तेच प्रमाण, एकही कादंबरी सूचीत धरू नये. शिवाय सहावं कलम मी स्वतः घातलं: हा प्रश्न दहा वर्षं पुन्हा उकरायचा नाही, उकरायचाच तर सातच्या सात मतं एका बाजूला हवीत. भिंत बांधायची तर पक्की बांधावी.
विरोधात ग्लेनिस पर्सलो, आमच्या अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, बोलणं हळू. म्हणाल्या, मालिका लागत होती तेव्हा मी कॅनडात सॅस्काटूनला होते. भाड्याची खोली, बाहेर छातीएवढा बर्फ, ओळखीचं कुणी नाही. तिकडे ही मालिका दिसत नव्हती. माझी मावशी इथून एकेक पुस्तक पाठवायची. बावीसच्या बावीस वाचली, काही चार-चार वेळा. आता तू म्हणतोस ते धरायचंच नाही. मग लायनेल, मी इतकी वर्षं केलं काय?
मी म्हणालो, तुम्ही वाचलंत, ग्लेनिस. पाहिलं नाहीत.
वाक्य मी लगेच झेरॉक्सच्या मागे टिपून ठेवलं. वाक्यच तसं होतं. बसल्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.
ठराव मंजूर. चार विरुद्ध दोन. क्लिफर्ड बाथरूममध्ये.
हिलरीला सांगितलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या बाईला रडवून आलास आणि वर मला शेफारून सांगतोयस? रडल्या नाहीत, चष्मा पुसत होत्या, असं मी स्पष्ट केलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी. दुपारी १.२०
सापडला!!
चौदावा भाग सापडला! माल्टातल्या एका निवृत्त टीव्ही इंजिनियरच्या गॅरेजमध्ये, मासेमारीच्या जाळ्यांखाली, 'स्वयंपाक - सूप' असं लिहिलेल्या डब्यात. टीव्ही कंपनी साफसूफ करून मार्चमध्ये सगळ्यांना दाखवणार.
मॅनेजरला मिठी मारली. तो म्हणाला, मिसेस टॉलींचं काय झालं?

बुधवार, १३ फेब्रुवारी
योजना. एक: माडीवर मोठ्या पडद्यावर सामूहिक दर्शन. दोन: आधी माझं प्रास्ताविक, वीस मिनिटं, विषय 'मी काय पाहिलं'. तीन: कॅप्टन ते वाक्य म्हणायच्या एक सेकंद आधी मी ते म्हणेन. हळूच, पण सर्वांना ऐकू जाईल असं. चार: स्थानिक वर्तमानपत्राला पत्र.
परमिंदरला म्हणालो, आता तुझ्या सूचीत 'प्रत्यक्षदर्शी'च्या पुढे 'सिद्ध' असं लिहायची तयारी ठेव. ती म्हणाली, मला खरंच बरं वाटेल लायनेल. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हे नोंदवतो.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी
पत्र छापून आलं. 'सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार' असं शीर्षक. खाली नाव लिओनार्ड ब्रॅडली. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.
मिसेस टॉलींच्या जिन्यावर दुसरा गालिचा. हा एक फूट जास्त झाला. म्हणजे सरासरी बरोबर.

शुक्रवार, १५ मार्च
उद्या. प्रास्ताविकाची आरशासमोर तालीम. बाबांवर एक परिच्छेद घातलाय: त्या शुक्रवारी शेजारी बसलेला, हातांना लोकरीचा वास येणारा माणूस. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. आमच्यात एरवी फार बोलणं नव्हतं. ते बोलणारे नव्हतेच. आम्ही दोघांनी मिळून केलेली मला धड आठवणारी एकच गोष्ट म्हणजे हा भाग. हा परिच्छेद म्हणताना आवाज कापला. सभेत कापू देणार नाही.
हिलरी दारातून ऐकत होती. म्हणाली, एवढाच परिच्छेद म्हण, बाकीचं राहू दे. तिला रचनेतलं कळत नाही.

शनिवार, १६ मार्च. संध्याकाळी ७
प्रास्ताविक उत्तम झालं. म्हणजे निम्मं झालं, मग बारमनानं येऊन विचारलं की मटणाचे पॅटिस कुणी मागवले होते.
मग भाग सुरू झाला.

रविवार, १७ मार्च
काल पुढचं लिहिता आलं नाही. हात दुखत होता.
नुसत्या घटना लिहितो. दिवा विझला, बरोबर. सात जहाजं भरकटली, बरोबर. कॅप्टन स्ट्रेक काचेकडे चालत आली. मी उभा राहिलो. मी म्हणालो, दिवा मी धरते, तुम्ही घरी या. नीट, खणखणीत.
पडद्यावर मिसेस बीड घरंगळत आली, फ्यूज बदलला, दिवा लागला. कॅप्टन म्हणाली, चहा झाला का गं?
शेवटची नावं सुरू झाली.
मी उभाच होतो. क्लिफर्ड म्हणाला, फ्यूज का? ग्लेनिस यांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं.

सोमवार, १८ मार्च
उलगडा झाला. सेन्सॉर! माल्टा धार्मिक देश. बाईनं एकटीनं जगाचा दिवा धरणं तिकडे चाललं नसेल. कापलं. साधी गोष्ट आहे, कुणाच्याच लक्षात कशी आली नाही?
परमिंदरला कळवलं. तिनं उत्तर दिलं की भाग पूर्ण आहे, चोवीस मिनिटं पन्नास सेकंद, इतर सगळ्या भागांएवढा. आणि कापला असता तर त्या जागी फ्यूज कुठून आला?
बिस्किटं: मोजणं थांबवलंय. मोजण्यानं ताण वाढतो.

गुरुवार, २१ मार्च
नवीन उलगडा, हा जास्त पक्का. दोन आवृत्त्या चित्रित झाल्या असणार. एक परदेशासाठी स्वस्तातली, फ्यूजवाली. एक खास आमच्या मिडलंड्स भागासाठी. टीव्ही कंपनीला विचारणा पाठवली. हिलरी म्हणाली, किडरमिन्स्टरसाठी वेगळं काढलं म्हणतोस? इथे बस वेळेवर सोडत नाहीत, लायनेल.

बुधवार, २७ मार्च
टीव्ही कंपनीचं उत्तर. आवृत्ती एकच होती. आस्थेबद्दल आभार. पत्र 'प्रिय श्री. ब्रॅडली' असं सुरू होतं.
मॅनेजरनं मला टेप-मेजर आणि एक छोटी वही दिली.

रविवार, ३१ मार्च
मदर्स डे. दरवर्षीप्रमाणे बार्बरा आणि मी अकराला दफनभूमीत भेटायचं, आई-बाबांना डॅफोडिल्स ठेवायची आणि मग तिच्या घरी जेवायचं. मी बरोबर अकराला पोहोचलो. ती फाटकात गारठलेली. म्हणाली, बारा वाजलेत, आज उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे झाली. मी म्हणालो, माझ्या घड्याळात अकराच आहेत. म्हणाली, तुझ्या घड्याळात काय, तुझ्या घड्याळात अजून १९७२ असेल. बार्बरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि तोंडानं साठ वर्षांनी.
फुलं ठेवताना तिला सगळं सांगितलं. सेन्सॉर, दोन आवृत्त्या, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, अरे पण त्या दिवशी आपण टीव्ही बघितलाच कुठे? तेव्हा कोळशाच्या खाणकामगारांचा संप होता. रोज पाळीनं वीज जायची. त्या शुक्रवारी आपली पाळी सहा ते नऊ. सात वाजले आणि तू असा भोकाड पसरलास की पलीकडच्या मिसेस हार्बिन बघायला आल्या, पोरगं जिन्यावरून पडलं की काय.
मी म्हणालो, मला लख्ख आठवतंय. अंधार, दिवा, बाबा डावीकडे.
ती म्हणाली, ते पुढच्या वर्षी. त्या भागाचं पुस्तक निघालं तेव्हा. बाबांनी ते स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलं. शुक्रवार होता, मुद्दाम शुक्रवारच धरला. म्हणाले, चला, बसा सगळे, सात वाजले. टीव्ही बंद. दिवे घालवले. तुला सोफ्यावर टीव्हीकडे तोंड करून बसवलं, म्हणाले, तिकडे बघ, माझ्याकडे नको. आणि स्वतः शेजारी बसून वाचलं. सगळ्यांचे आवाज काढले. आई स्वयंपाकघरात हसून हसून बेजार. टॉर्च मी धरला होता, पुस्तकावर. माझा हात भरून आला, मी कुरकुरले, तर गिरणीतल्यासारखं म्हणाले, शिफ्ट संपली तुझी, आण इकडे, दिवा मी धरतो, तू घरी जा.
बार्बरा हसली. म्हणाली, तेव्हापासून ते वाक्य त्या कॅप्टन बाईलाच देऊन टाकलं त्यांनी. तू पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचास.
जेवणात कोकराचं मांस होतं. मी फार खाल्लं नाही.
बार्बराच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच.

सोमवार, १ एप्रिल
लायब्ररीत गेलो. १९७२ च्या फेब्रुवारीचं स्थानिक वर्तमानपत्र, मायक्रोफिल्मवर. वीज जाण्याचं वेळापत्रक रोज पहिल्या पानावर. शुक्रवार १८. आमचा भाग: संध्याकाळी ६ ते ९.
वाईट वाटलं. एवढंच. वाईट वाटलं.

मंगळवार, २ एप्रिल
पण नीट विचार केला तर परिस्थिती हाताबाहेर गेलेली नाही. वाक्य पडद्यावर नाही, ठीक. पण ते एका कादंबरीच्या वाचनातून आलंय. कादंबऱ्या प्रमाण धरल्या, की त्यांची वाचनंही धरता येतील. थोडं ताणावं लागेल, पण धागा आहे. मी तसा पहिल्यापासूनच पुस्तकांच्या बाजूचा होतो, फक्त मांडणी वेगळी होती.
नवा ठराव: कादंबऱ्या प्रमाण, आणि कुटुंबात केलेली कादंबऱ्यांची जाहीर वाचनंही प्रमाण. वीज नसेल तर विशेषच.
मिसेस टॉलींचा जिना स्वतः जाऊन मोजला. वहीत लिहिला. तेरा पायऱ्या. मला बारा आठवत होत्या.

बुधवार, ३ एप्रिल
ग्लेनिस यांच्याकडे गेलो. लिंबाचा केक नेला होता. विकतचा, पण खोका फेकून दिला. त्यांनी चहा केला आणि खोका कुठे टाकलास विचारलं.
सगळं सांगितलं. वीज, टॉर्च, बाबा. त्यांनी केक कापून माझ्यापुढे सरकवला. शेवटी म्हणाल्या, म्हणजे तूही वाचलेलंच आहेस. मी म्हणालो, मी नाही, मला वाचून दाखवलं. म्हणाल्या, तेच रे, तेच. मलाही माझ्या मावशीनंच दिलं म्हण.
मग मी माफी मागितली. फेब्रुवारीतल्या वाक्याबद्दल. तयारी करून गेलो नव्हतो, त्यामुळे वाईट झाली, तीन शब्दांतच संपली. त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी त्या खरंच रडत होत्या, यात मला शंका नाही. मग मागच्या वेळीही तसंच असणार.
ठरावाला अनुमोदन देणार म्हणाल्या. पण सहावं कलम तुझं आहे, सातच्या सात मतं लागतील. आठवण करून दिल्याबद्दल आभार मानले. मला कलम पाचवं वाटत होतं.

शनिवार, ६ एप्रिल
विशेष सभा. भाषण सहा मिनिटं. आवाज कापला. कापू दिला.
नंतर चर्चा. आमच्यातले हॉजेट्स नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघांनी माझ्या फेब्रुवारीच्या भाषणाची झेरॉक्स जपून ठेवली होती आणि आज दोघांनी तिच्यातून वाचलं. 'एकदा कागदाला दार उघडलं की उद्या कुणाच्या आजोबांनी सांगितलेलंही आत येईल.' पान तीन. परिणामकारक लिहिलंय, हे मान्य करायला हवं.
परमिंदर म्हणाली, मला तुझ्या बाजूनं मत द्यायची फार इच्छा आहे. पण सूचीला शिस्त हवी, हे तूच मला शिकवलंस. डोळे तपासताना मी माणसाला अक्षर सांगत नाही, मोह झाला तरी.
मतदान. बाजूनं दोन, मी आणि ग्लेनिस. विरोधात चार. क्लिफर्ड या वेळी खोलीत होता, पण हात वर करायचा की नाही हे ठरेपर्यंत मोजणी झाली.
मग त्यानंच विचारलं, त्या चहाच्या मगांचं काय? परत करायचे? पंधरा वर्षांत त्याचा पहिला मुद्दा. ग्लेनिस अध्यक्ष म्हणून उठल्या आणि म्हणाल्या, मगांवर काय लिहायचं याबद्दल ठरावात काही नाही. चहाचे मग राहतील. डग्लसच्या मुलीलाही कुणी काही कळवायचं नाही. वाक्य चांगलं आहे. गिरणीत मागावर काम करणाऱ्या माणसाचं आहे, एवढाच फरक.
कुणी हरकत घेतली नाही.

रविवार, ७ एप्रिल. सकाळी १०
चाललो. कालव्याच्या काठानं, दोन मैल. वहीत लिहून ठेवलंय, त्यामुळे वाद नको.

त्याच दिवशी, दुपारी ३
परमिंदर घरी आली, लॅपटॉप घेऊन. म्हणाली, नोंद तुझी आहे, काढायची तर तुझ्या हातानं काढ, मला ते नको. हिलरीनं तिला केक दिला आणि कॅनन म्हणजे प्रिंटर नव्हे हे तिच्याकडून पाच मिनिटांत समजून घेतलं. एकोणतीस वर्षं मी तेच सांगतोय.
नोंद उघडली. दिवा मी धरते. तुम्ही घरी या. प्रत्यक्षदर्शी, एल. ब्रॅटबी. खाली 'काढून टाका'चं बटण. ते दाबलं की सूची कारण विचारते आणि चार पर्याय देते. दुबार नोंद. पुरावा नाही. पुस्तकातून घेतलेलं. इतर.
दुबार नाही. पुस्तकात नाही. पुरावा म्हणाल तर बार्बरा आहे, तिचा हात भरून आला होता.
परमिंदरला विचारलं, इथे 'वडिलांनी वाचून दाखवलं' असं लिहिता येईल का? तिनं बराच वेळ इकडेतिकडे दाबून पाहिलं. म्हणाली, तसा रकाना नाहीये रे, लायनेल.
मी 'इतर' दाबलं.